कुजबुजत गेलेलं जहाज

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो," असं म्हणून हार्तविगने कॉफीचा रिकामा कप टेबलावर इतक्या जोरात ठेवला, की जहाजाच्या कॅन्टीनमधल्या सगळ्या माना वळल्या.

एक सोडून. खिडकीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून ओद्रुन विणत बसली होती. तिच्या सुया टकटक चालूच राहिल्या.

"तू सांगणार म्हटल्यावर विश्वास बसायचा प्रश्नच येत नाही," आन्सगार म्हणाला.

आन्सगारचा जन्म गेला लोफोतेनच्या गोदामांत सुक्या कॉड माशांची प्रतवारी करण्यात. मासा उचलायचा, उजेडात धरायचा, नाकाशी न्यायचा आणि या नाहीतर त्या ढिगात फेकायचा. पहिल्या प्रतीचा माल थेट इटलीला. निवृत्त झाला तरी हाताची सवय सुटली नव्हती. पाद्र्याचं प्रवचन असो, बायकोचं सूप असो, तो प्रत ठरवल्याशिवाय राहायचा नाही. मागच्या वर्षी त्याने धाकट्या जावयालासुद्धा दुसऱ्या प्रतीत टाकलं होतं.

"पण सांग," तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "बघू तरी, माल कसा आहे."

काउंटरमागे तुरिदने वाफलच्या तापलेल्या साच्यावर पीठ ओतलं आणि हार्तविगकडे पाहून डोळे मोठे केले. चल, कर सुरुवात, असा त्या डोळ्यांचा अर्थ होता.

हार्तविग खरं तर दाढ काढायला निघाला होता. दाताचा डॉक्टर सांदनेसशोएनला, म्हणजे त्याच्या गावापासून अगदी पुढच्या बंदरात. तिथे तो उतरायलाही लागला होता. अर्ध्या शिडीवर समोरून एक बाई वर येत होती, हातात ट्रंक, चेहरा वाऱ्याने तांबूस झालेला. त्याने अंग चोरून तिला वाट दिली, आणि ती वर गेल्यावर तिच्या मागोमाग तोही परत वर गेला. तेव्हापासून जहाजाने आर्क्टिक वृत्त ओलांडलं, लोफोतेनचे डोंगर मागे टाकले, त्रोम्सो गेलं, आज होन्निंग्सवोगचा धक्काही सुटला. दाढ जागेवरच होती. अंगातला सदराही तोच होता.

तुरिद या जहाजावर पोरसवदा वयात लागली, तेव्हा हार्तविग इथेच सुकाणूवर होता. त्यामुळे तिच्यापासून काही लपवणं त्याला जमलं नाही. बाई म्हणजे ग्रोहोल्म बेटावरची ओद्रुन, पाखरांची राखणदार. ओळख पन्नास वर्षांपूर्वीची. पुढे तिने शेजारच्या बेटावरच्या दीपगृहवाल्याशी लग्न केलं आणि तो वारून आता बरीच वर्षं झाली, इतकं तुरिदने त्याच्याकडून काढून घेतलं. गुडघे साथ देत नाहीत म्हणून बेट सोडून ती शेल्लेफ्योर्डला भाचीकडे कायमची राहायला चालली आहे, हे तिने ओद्रुनच्या तोंडून ऐकलं. हार्तविगने मात्र लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की तो दर वेळी नवीन कारण द्यायचा, आणि प्रत्येक कारण आधीच्यापेक्षा मजेदार असायचं.

"आज दुपारी उतरेल ती," तुरिदने सकाळीच त्याला काउंटरपाशी गाठलं होतं. "इतक्या दिवसांत काय बोललास तिच्याशी?"

"सुप्रभात म्हणालो."

"आणि?"

"शुभ रात्रीही म्हणालो. दोनदा."

"रात्र आहे कुठे, म्हाताऱ्या? सूर्य मावळायचा बंद झालाय आणि हा शुभ रात्री म्हणतोय! इंजिनवाल्यांशी बोलतोस, त्या जर्मन माणसाच्या कुत्र्याशी तासभर बोलतोस, मग तिच्याशी बोलायला काय होतं तुला?"

"जीभ टाळ्याला चिकटते."

"तेव्हा तरी लग्नाचं विचारलं होतंस का तिला?"

"त्याची एक मोठी गोष्ट आहे," हार्तविग म्हणाला होता.

"मग तीच सांग. पण खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशी सांग."

म्हणून हा कप आपटला होता.

"मी तेव्हा बेटाबेटांतून टपाल नेणाऱ्या एका आगबोटीवर होतो," हार्तविगने आवाज चढवला. "कप्तान होता इंगेब्रेक्ट. त्याचा आवाज असा, की तो या फ्योर्डमध्ये शिंकला की डोंगरापलीकडच्या फ्योर्डमधली माणसं त्याला औषध पाठवायची."

"तिसरी प्रत," आन्सगार म्हणाला. "पण चालू दे."

"वसंत लागला होता. ग्रोहोल्मला पिठाची पोती उतरवायला आम्ही थांबलो. आता तिथली रीत तुम्हाला ठाऊक आहे. एडर बदकं समुद्रावरून अंडी घालायला येतात, आणि माणसं त्यांच्यासाठी दगडांची छोटी छोटी घरं बांधून, आत वाळलेलं शेवाळ अंथरून ठेवतात. पिल्लं समुद्रात गेली की मागे राहिलेल्या पिसांच्या रजया करायच्या. पण तोवर त्या बेटावर कुणी खिळा ठोकत नाही, भांडत नाही, नवा कपडा घालत नाही. राखणदार पोरगी तर आख्खा हंगाम एकाच कपड्यांत वावरते, कारण पाखरू तिला कपड्यांवरून ओळखतं. तर मी सकाळी दोर सोडायला जहाजाच्या पुढच्या टोकाला गेलो, आणि बघतो तर काय! दोराच्या वेटोळ्यात एक बदकीण ऐसपैस बसलेली. खाली अंडी."

"उठवायची," कोपऱ्यातल्या दोघा कोळी भावांपैकी थोरला म्हणाला.

"तेच म्हणाला इंगेब्रेक्ट. म्हणाला, उठवा तिला, आणि भोंगा द्यायला त्याने दोरीला हात घातला. तेवढ्यात धक्क्यावरून एक पोरगी आली. अंगात विटका निळा झगा, पायांत केवढाले बूट. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, पाखरू बसलं म्हणजे बसलं. पिल्लं बाहेर येईपर्यंत उठवायचं नाही. इंगेब्रेक्ट म्हणाला, पोरी, मला टपाल न्यायचंय, थेट रशियाच्या हद्दीपर्यंत! तर ती म्हणाली, न्या की. हळू न्या."

कॅन्टीनमध्ये हशा पिकला. तुरिदने वाफल उलटवताना खिडकीकडे नजर टाकली. ओद्रुनची पाठ होती तशीच होती, फक्त खांद्यांची ठेवण जरा ताठ झाली होती.

"आणि ती जहाजावर चढली. म्हणाली, तुमचा काही भरवसा नाही, मी बरोबर येते. मग काय, आख्ख्या जहाजाने बूट काढले. खलाशी, प्रवासी, एक बिशप होता तो, सगळे लोकरी मोज्यांत. इंगेब्रेक्टने कुजबुजायला शिकावं म्हणून त्या पोरीने त्याला दोन दिवस शिकवणी दिली. सवय नव्हती बिचाऱ्याला. सोमवारी त्याने कुजबुजून 'थांबवा' म्हटलं, तर ते इंजिनपर्यंत पोचलं गुरुवारी. मधली सगळी बंदरं आमच्या हातून निसटली."

"आणि जनावरं?" धाकट्या भावाने विचारलं. "टपालाच्या बोटीवर गाई असायच्याच."

"एक होती. गाभण. सारखी हंबरायची. तिला आम्ही साखरेची चिकट टॉफी चारली. जबडा असा बसला की हंबरडा आतल्या आत फिरायचा आणि शेपटाकडून बाहेर पडायचा, तोसुद्धा हळूच."

"दुसरी प्रत," आन्सगारने जाहीर केलं. "भोंगा नाही, तर बंदरावर माणसांना कळायचं कसं, जहाज आलंय ते?"

हार्तविगला हेच हवं होतं.

"कॉफी! पुढच्या टोकाला आम्ही कॉफीची भलीमोठी किटली उकळत ठेवली. वारा बंदराकडे असला की वासाने आख्खं गाव धक्क्यावर. वारा उलटा असला की मात्र समुद्रातले सील मागे लागायचे. आणि खरी पंचाईत वेगळीच होती. पुढचा दोर तर बदकिणीखाली. धक्क्याला जहाज बांधायचं कशाने? मग जहाजावरच्या सगळ्या बायका बसल्या आणि त्यांनी दोर विणला. लोकरीचा. दंडाएवढा जाड, त्यावर पांढऱ्या चांदण्यांची नक्षी. त्या दोराला जहाज असं प्रेमाने लटकून राहायचं की सुटायलाच मागायचं नाही. हामरफेस्टच्या धक्क्यावर एका म्हातारीने तो हात लावून पाहिला आणि म्हणाली, एक टाका चुकलाय. उसवून पुन्हा विणेपर्यंत तिने आम्हाला जाऊ दिलं नाही."

आन्सगारने तोंडातला सुका मासा चघळायचा थांबवला. दाद द्यायची त्याची हीच रीत होती.

"पहिली," तो म्हणाला. "इटलीला जाईल."

पण हार्तविगचं लक्ष इटलीत नव्हतं. सुया चालूच होत्या. तेव्हा त्याने गळ टाकला.

"आणि त्या बदकिणीचा नवरा! काळ्यापांढऱ्या झग्यात, अगदी पाद्र्यासारखा, आमच्या मागोमाग पोहत होता. सगळी वाट. एक दिवस बायकोला सोडलं नाही पठ्ठ्याने."

पाखरं राखणाऱ्या माणसापुढे याहून मोठी थाप मारता आली नसती. एडरचा नर अंडी घातली जाईपर्यंत थांबतो आणि मग सोबत्यांना घेऊन जो समुद्रावर निघून जातो, तो तोंड दाखवत नाही. ग्रोहोल्मचं शेंबडं पोरही हे सांगेल. सुया थांबल्या. हार्तविगने श्वास रोखला. तुरिदच्या साच्यातून जळका वास यायला लागला.

ओद्रुनने लोकरीचा गुंता सोडवला आणि सुया पुन्हा चालू झाल्या.

खिडकीबाहेर ऊन होतं. कड्यांवरून अजून बर्फाच्या पट्ट्या उतरत होत्या आणि पाणी इतकं निळं होतं की डोळे दुखावेत. पुढच्या वळणावर तो दगडी सुळका दिसायला लागला, समुद्रातून थेट उभा राहिलेला, मनोऱ्यासकट चर्चसारखा. तो दिसला की शेल्लेफ्योर्डला उतरणारी माणसं कोट अंगात घालतात. ओद्रुनने विणकाम गुंडाळायला घेतलं.

"अरे, पुढे सांग ना!" तुरिद ओरडली, आणि मग स्वतःच लाजून तिने जळका वाफल आन्सगारच्या बशीत टाकला.

"पुढे धुकं," हार्तविग घाईने म्हणाला. "नॉर्डकॅपच्या पलीकडे. असं दाट की त्यात कोयता खोचून ठेवला तर खाली पडू नये. दक्षिणेकडे जाणारं जहाज समोरून यायचं होतं, आणि आम्हाला भोंगा द्यायची चोरी. त्याचा भोंगा ऐकू येतोय, जवळ येतोय, आणखी जवळ येतोय. इंगेब्रेक्ट कुजबुजून देवाची प्रार्थना करतोय. बिशप कुजबुजून शिव्या देतोय. तेव्हा ती पोरगी पुढच्या टोकाला गेली, बदकिणीशेजारी गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि..."

इथे हार्तविग उठून उभा राहिला. त्याने हात तोंडाशी धरले, मान मागे टाकली आणि कॅन्टीनभर घुमेल असा आवाज काढला, "आऽऽ-ऊऽऽऽ!"

जर्मन माणसाचा कुत्रा टेबलाखालून बाहेर आला. कोळी भाऊ एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसायला लागले.

"असं! आणि तिच्या त्या हाकेला बदकीण ओ देते तोच समुद्रावरची सगळी एडर ओरडायला लागली. डावीकडून, उजवीकडून, हजारोंनी. समोरच्या कप्तानाला वाटलं, अरे बापरे, इथे तर बेट आहे! त्याने सुकाणू गरकन फिरवलं आणि आमच्या कडेने निघून गेला. इतक्या जवळून की त्याच्या आचाऱ्याने माझ्या हातात एक माशाचं भजं ठेवलं. गरम होतं."

"भज्याची प्रत?" आन्सगारने विचारलं.

"मीठ कमी होतं."

आता हसत नव्हतं असं कुणी उरलं नव्हतं. ओद्रुनचा चेहरा दिसत नव्हता. तिने कोट घातला, बटणं लावली, ट्रंकेच्या कडीत हात घातला. तेवढ्यात जहाजाने वेग कमी केला आणि डोक्यावर भोंगा वाजला. लांब, भरदार. धक्क्यावरच्या लाल कोठ्या खिडकीतून पुढे सरकत आल्या. त्यांच्यासमोर एक तरुण बाई हात हलवत होती. ती भाची असावी.

ओद्रुन उठली. दरवाजाकडे जायची वाट हार्तविगच्या टेबलावरूनच होती. ती सावकाश, एकेक गुडघा समजावत निघाली.

"अंडी फुटली ती इथेच," हार्तविग म्हणाला. त्याचा आवाज आता कुणालाही ऐकवण्यासारखा राहिला नव्हता, तरी सगळे ऐकत होते. "त्या दगडी चर्चसमोर. बदकीण कठड्यावर चढली आणि पाण्यात उतरली. पिल्लं तिच्या मागोमाग, धपाधप, पिठाच्या गोळ्यांसारखी. मग आम्ही या धक्क्याला लागलो. तिचं काम संपलं होतं. दक्षिणेकडे जाणारं जहाज पकडून तिला बेटावर परतायचं होतं."

"मग?" तुरिद काउंटरबाहेर आली होती. हात पिठाने भरलेले, ते तिने हवेतच धरले होते. "मग त्या सुकाणूवाल्याने विचारलं की नाही तिला?"

बाहेर दोर पडल्याचा आवाज आला. साखळी खडखडली. शिडी लागत होती. हार्तविगने समोरचा रिकामा कप बशीत नीट मधोमध ठेवला.

"विचारलं," तो म्हणाला. "सरळ विचारलं. ती नाही म्हणाली."

आन्सगारने ते वाक्य जणू हातात घेतलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं.

"हे मात्र खरं आहे," तो हळूच म्हणाला. "इतक्या वेळात हे एकच वाक्य खरं बोलला बिचारा."

धाडकन ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज झाला. ओद्रुन टेबलासमोर उभी होती. कानांपर्यंत लाल झाली होती, आणि पन्नास वर्षं पाखरांजवळ दबक्या आवाजात बोललेल्या त्या बाईचा आवाज शिडीवरच्या माणसांनीसुद्धा ऐकला.

"साफ खोटं!" ती म्हणाली. "विचारलंच नव्हतंस तू! मी या धक्क्यावर, त्या शिडीच्या तोंडाशी उभी होते, मागे माणसं खोळंबली होती, तुझा तो कप्तान कुजबुजून कुजबुजून माझ्या नावाने खडे फोडत होता, तरी मी जागची हलले नाही. आणि तू काय म्हणालास? वारा वायव्येचा आहे म्हणालास. तोसुद्धा नव्हता!"